मराठी ईमेल पत्ता नेमका कुठे अडतो?

"देवनागरीत ईमेल पत्ता घेता येतो म्हणता, मग स्वतः रोमन पत्ता का देता?" संगणकावरच्या मराठीसाठी काम करते म्हटलं, की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

ईमेलचे १९८२ सालचे नियम इंग्रजी अक्षरं धरूनच लिहिलेले होते. डोमेनच्या नावापुरता, म्हणजे '@'नंतरच्या भागापुरता, मार्ग निघाला. २००३च्या मानकानुसार देवनागरी नाव आतल्या आत रोमन अक्षरांत बदलतं, त्यामुळे मधल्या जुन्या यंत्रणेला हात लावावा लागत नाही. '.भारत'ने संपणारी डोमेन-नावं अशीच चालतात. पण '@'च्या आधीचं नाव असं बदलता येत नाही, कारण त्याचा अर्थ लावायचा अधिकार फक्त पत्र घेणाऱ्या सर्व्हरला. म्हणजे वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने देवनागरी स्वीकारायला हवी. तसं मानक २०१२ साली झालं. पुढचा सर्व्हर "मला हे चालतं" म्हणाला तरच पत्र पुढे जातं, नाहीतर परत येतं. आधीच्या प्रायोगिक मसुद्यात अडल्यास वापरायला सोबत रोमन पत्ता न्यायची सोय होती. ती फार गुंतागुंतीची ठरली, म्हणून काढली. निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे एकही जुना सर्व्हर वाट अडवू शकतो.

मग आधी बदलायचं कुणी? जीमेल २०१४पासून अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करू देतं, पण तिथे स्वतःसाठी देवनागरी पत्ता काढता येत नाही. सेवा देणारे म्हणतात मागणी नाही, आणि जो पत्ता निम्म्या ठिकाणी चालत नाही तो लोक मागतील कशाला?

त्यातही मला सर्वात जास्त खुपतं ते वेगळंच. वेबपानांच्या एचटीएमएल मानकातल्या ईमेलच्या रकान्यात '@'आधी देवनागरी बसतच नाही. एक मानक दार उघडतं, दुसरं उंबऱ्यावरच थांबवतं.

आईने एकदा ऑनलाइन अर्जात हौसेने स्वतःचा मराठी पत्ता टाकला. 'पत्ता चुकीचा आहे' अशी लाल अक्षरं आली. "माझं काय चुकलं गं?" तिने विचारलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तरी पत्ता खोडून मी रोमन टाकला, कारण शेवटची तारीख होती. ते अजून सलतं.

आता प्रत्येक अर्जात आधी देवनागरी पत्ता टाकून बघते. नाकारला, की त्या कार्यालयाला पत्र लिहून काय बदलायचं तेही कळवते. उत्तर यायला हवं, म्हणून सहीखाली दोन्ही पत्ते देते.