आयडीईत चालतं पण टर्मिनलमध्ये नाही, पाथचा घोळ कसा सुटला

टीममधल्या मित्राकडून एक पायथन प्रोजेक्ट माझ्याकडे आला, आयडीईत (म्हणजे कोड लिहायच्या आणि चालवायच्या ॲपमध्ये) रनचं बटण दाबलं की मस्त चालायचा आणि तोच टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून चालवला की मॉड्यूल नॉट फाऊंड एरर, आणि मॉड्यूल, म्हणजे इम्पोर्ट करायची कोडची फाईल, तर समोर फोल्डरमध्ये दिसतंय! अशा वेळी सेटिंग्जमध्ये दिसेल ते बदलत सुटलं की घोळ अजून वाढतो, म्हणून मी आधी मेन फाईलच्या अगदी वर दोन प्रिंट टाकले, सिस डॉट एक्झिक्युटेबल (कुठलं पायथन चालतंय ते) आणि सिस डॉट पाथ (पायथन मॉड्यूल शोधतं त्या फोल्डरांची यादी), आणि दोन्हीकडचं आउटपुट शेजारी शेजारी ठेवून बघितलं.

पहिल्याच ओळीत फरक. आयडीई प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधलं, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन घेत होती आणि टर्मिनल सिस्टीमचं, तेही एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट केल्यावर! कारण फोल्डर जागेवरून हलवला होता आणि ॲक्टिव्हेट स्क्रिप्टमध्ये जुना पूर्ण पाथ तसाच राहतो. ते एन्व्हायर्नमेंट उडवून नवीन बनवलं, पॅकेजेस परत टाकली, वाटलं विषय संपला.

पण एरर तोच. आता सिस डॉट पाथ बघितला. मेन फाईल स्क्रिप्ट्स नावाच्या सबफोल्डरमध्ये होती, आणि फाईल थेट चालवली की पायथन यादीत सगळ्यात वर त्या फाईलचा फोल्डर टाकतं, तुम्ही टर्मिनलमध्ये ज्या फोल्डरमध्ये आहात तो नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं. आयडीई मात्र रन कॉन्फिगरेशनमधल्या एका टिकमुळे प्रोजेक्टचा रूट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा फोल्डर स्वतःहून पाथमध्ये घालत होती. ती टिक काढली तर आयडीईतपण तोच एरर आला, आणि खरं सांगतो, तो एरर बघून जाम बरं वाटलं, कारण आता कारण पक्कं सापडलं होतं.

मग रूटमध्ये जाऊन पायथन हायफन एम आणि पुढे स्क्रिप्ट्स डॉट मेन असं चालवलं, लगेच चाललं, कारण हायफन एम वापरलं की चालू फोल्डर पाथमध्ये येतो. बरेच जण प्रत्येक फाईलमध्ये सिस डॉट पाथ डॉट अपेंड लिहितात, मला ते अजिबात पटत नाही, फोल्डर बदलला की परत बोंब. त्यापेक्षा पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही प्रोजेक्टची माहिती देणारी फाईल बनवून रूटमध्ये पिप इन्स्टॉल हायफन ई डॉट केलं, म्हणजे प्रोजेक्टच पॅकेजसारखा इन्स्टॉल केला, आता कुठूनही इम्पोर्ट होतं.

शेवटी कोडला त्याची डेटाची सीएसव्ही फाईल सापडेना, ते वर्किंग डिरेक्टरीमुळे, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालवला त्यामुळे, तिथे पाथलिब ही पायथनची लायब्ररी वापरून पाथ कोडच्या फाईलच्या स्वतःच्या जागेवरून काढला आणि दोन्हीकडे सेम आउटपुट आलं.