आमची वाटचाल : पॉलिश सोडलं, ढाळ धरला

वडील फरशीचे मिस्त्री. कोटा फरशीवर पॉलिशचं मशिन असं फिरवायचे की खाली वाकून भांग पाडावा. सांगली-मिरजेत तीच आमची ओळख. 2019 च्या महापुरात गणपती पेठेतलं गोदाम बुडालं, मशिनच्या मोटारी जळल्या, पुन्हा उभे राहिलो. ते सगळ्यांचंच झालं.

धंदा बदलला तो मिरजेजवळच्या एका वृद्धाश्रमामुळे. तिथल्या स्वयंपाकघरातला कोटा आम्हीच चकचकीत करून दिला होता. वर्षभरात मावशी आमटीचं पातेलं घेऊन घसरल्या. मनगट मोडलं, पाय भाजला. व्यवस्थापक चपलांना दोष देत होते. मला आमचं मशिन दिसत होतं.

दोन दिवस तिथं नुसता बसून राहिलो. फोडणीचं तेल उडून शेगडीभोवती पातळ थर धरतो. एकच पोछा त्याच बादलीत बुडवून सगळीकडं फिरतो, म्हणजे तेल निघत नाही, पसरतं. त्यावर साबणाचं पाणी. आणि फरशीचा ढाळ, म्हणजे उतार, मोरीकडं नाही, दाराकडं! त्याच दारातून आजी-आजोबा चहाला यायचे.

ॲसिड मारा, असा सल्ला मिळाला. कोटा म्हणजे चुनखडीच. ॲसिड त्याला खातं, थोडे दिवस पाय धरतो, मग खळग्यांत चिकट मळ बसतो. मी नको म्हणालो. फरशी उकरली, मोरीकडं शंभराला एक ढाळ काढला आणि घसरण रोखणारी आर 11 प्रतीची टाइल बसवली, शेगडीपुढं आर 12. तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवून ही प्रत ठरवतात. आर 9 कोरड्या खोलीला ठीक, तेलकट जागेला नाही.

मावशी बऱ्या होऊन परतल्या आणि पहिल्याच दिवशी सुनावलं, "पोछा अडकतोय की हो!" बरोबरच होतं. खरबरीत फरशी पोछ्यानं साफ होत नाही. तेव्हापासून टाइलबरोबर दांड्याचा ब्रश आणि वायपरही देतो. तेलकटपणा काढायचं द्रावण टाकून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग घासायचं, स्वच्छ पाण्यानं धुऊन वायपर ओढायचा. तेही रात्री, ये-जा थांबल्यावर.

दिवाणखान्याला पॉलिश आजही करतो. स्वयंपाकघराला नाही, त्यापायी काही कामं गेली.

काम संपलं की बिलाआधी दोन बादल्या पाणी ओततो. कुठं साचलं तर तेवढा भाग उकरायचा. वडील अजून चिडतात, "पाणी ओतायला आलायस का पैसे घ्यायला?"