गाठीला नाव देण्याआधी

परवा रात्री मामेबहिणीचा मेसेज आला. तिच्या नवऱ्याच्या मेंदूतली गाठ काढली, बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्याचा फोटो होता. खाली एवढंच, "ताई, बघून सांगशील का?" नवरा अडतीस वर्षांचा. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, हाय ग्रेड ग्लायोमा, बहुधा ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली झपाट्याने वाढणारी कॅन्सरची गाठ. मी फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. तिने शांतपणे विचारलं, "चौदा महिने म्हणतात, ते खरं का?"

जर्मनीत, हायडेलबर्गमध्ये, मी याच गाठींवर काम करते. नेकार नदीच्या उत्तरेला नॉयेनहायमर फेल्ड हा विद्यापीठाचा परिसर पसरलाय. रुग्णालयं आणि प्रयोगशाळा इतक्या जवळजवळ आहेत की ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा चालत आणता येतो. माझ्यापर्यंत तो बहुतेक वेळा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेला येतो. त्याचे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप कोमट पाण्यावर सोडायचे, सुरकुती न पडू देता काचेवर उचलून घ्यायचे. पहिले काही महिने माझे काप फाटायचे. आता हाताला सवय झालीय, पण ठोकळा हातात घेताना त्यावरचा क्रमांक दोनदा वाचायची सवय मी मुद्दाम ठेवलीय. तो कुणाचा तरी मेंदू आहे.

चौदा महिन्यांचा आकडा कुठून आला, ते तिला आधी सांगितलं. २००५ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशननंतर नुसतं रेडिएशन दिलेल्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान १२.१ महिने होतं. सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या दिल्या तर १४.६. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले. गोळ्या घेतलेल्यांपैकी २६.५ टक्के दोन वर्षांनंतर हयात होते, नुसत्या रेडिएशनवाल्यांत १०.४ टक्के. आजही उपचाराचा पाया तोच आहे, आणि वीस वर्षांत त्यात फार मोठी भर पडली नाही हे मला रोज टोचतं.

पण त्या वेळी ग्लिओब्लास्टोमा हे नाव सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कशी दिसते त्यावरून पडायचं. आयडीएच नावाच्या जनुकातला बिघाड २००८ मध्ये सापडला आणि चित्र पालटलं. हे जनुक बिघडलं की पेशीत एक नको असलेलं रसायन साचत जातं, आणि पेशी वयात येण्याऐवजी अर्धवटच राहते. दिसायला हुबेहूब सारख्या दोन गाठींपैकी एकीत हा बिघाड असेल तर तिची चाल बरीच संथ असते. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने म्हणूनच ठरवलं की प्रौढांमध्ये आयडीएच बिघडलेल्या गाठीला ग्लिओब्लास्टोमा म्हणायचंच नाही. उलटही होतं. काचेवर सौम्य वाटणारी, पण आयडीएच शाबूत असलेली गाठ रेणूंच्या पातळीवर ग्लिओब्लास्टोमा निघू शकते.

हा बिघाड ओळखायची सोपी पद्धत याच गावात २००९ मध्ये तयार झाली. एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, कापावर टाकायचं, बिघडलेल्या पेशी तपकिरी होतात. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा बराच वेळ डोळा भिंगावरून हलला नाही. निरोगी पेशी निळसर, आणि त्यांच्या मधूनमधून, ऑपरेशनच्या कडेपर्यंत, एकेकटी तपकिरी पेशी शिरलेली. ही गाठ मुळासकट का काढता येत नाही ते तेव्हा डोळ्यांना कळलं.

हे प्रतिपिंड सगळ्यात जास्त आढळणारा एकच बदल पकडतं. म्हणून पंचावन्नच्या आतल्या रुग्णात ते निगेटिव्ह आलं तरी तिथे थांबायचं नसतं. जनुकाचं सिक्वेन्सिंग करायचं, म्हणजे त्यातली डीएनएची अक्षरं क्रमाने वाचायची. बहिणीच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच नव्हतं.

त्यानंतरचं मोठं काम २०१८ चं, तेही इथलंच. डीएनएवर मिथाइलचे छोटे ठसे असतात, आणि प्रत्येक प्रकारच्या गाठीची ठशांची ठेवण वेगळी. सुमारे २८०० नमुन्यांवरून संगणकाला ती ओळखायला शिकवलं. मग नव्या रुग्णांवर वापरून पाहिलं तर १२ टक्क्यांपर्यंत रुग्णांचं निदान बदललं. शंभरात बारा जणांपर्यंत रुग्णांच्या गाठीला दुसरंच नाव राहिलं असतं, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

नाव बदललं की पुढची वाटही बदलते. आयडीएचचा बिघाड असलेल्या मंद गाठींसाठी व्होरासिडेनिब ही गोळी आली. ३३१ रुग्णांच्या चाचणीत गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ११.१ वरून २७.७ महिन्यांवर गेला. ती ग्रेड दोनच्या, म्हणजे हळू वाढणाऱ्या गाठींसाठी आहे, त्यामुळे भावोजींना उपयोगी पडेलच असं नाही, हेही मी बहिणीला स्पष्ट सांगितलं. खोटी आशा देणं मला जमत नाही.

तिला मी तीनच गोष्टी लिहून दिल्या. मेणाचा ठोकळा कुठे ठेवलाय ते विचार. आयडीएच तपासलंय का, आणि निगेटिव्ह असेल तर सिक्वेन्सिंग होईल का ते विचार. एमजीएमटीचंही विचार, टेमोझोलोमाइडने केलेली डीएनएची मोडतोड हे जनुक दुरुस्त करतं, म्हणून ते बंद असेल तर गोळ्या जास्त लागू पडतात. डॉक्टरांना वेळ नसेल तर कागद पुढे कर, असंही सांगितलं. रेडिएशनची तारीख मात्र या तपासण्यांसाठी पुढे ढकलायची नाही.

काल दुपारी काप उचलत होते, हातमोजे घातलेले होते, तेवढ्यात टेबलावर फोन उजळला. "ताई, ठोकळा मिळाला. उद्या सिक्वेन्सिंगला जातोय."