हक्क १८७० चा, मग कायदा १९६५ चा कशाला?

अमेरिकेच्या नागरी हक्कांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं वंशामुळे मत नाकारायला बंदी घातली, मग १९६५ चा मताधिकार कायदा वेगळा कशाला हवा होता? तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

आपल्याकडे मतदार यादी करणं हे सरकारचं काम. तिथे नाव नोंदवायला नागरिकानं स्वतः जायचं, आणि यादीवर कुणाला घ्यायचं हे ठरवणार स्थानिक नोंदणी अधिकारी. सगळी मेख तिथेच आहे. दुरुस्तीनं वंशावरून नाकारू नका म्हटलं. राज्यांनी वंशाचा उच्चारही न करता नाकारलं.

मिसिसिपीची १८९० ची राज्यघटना बघा. २ डॉलर पोल टॅक्स, म्हणजे माणशी भरायचा डोईकर, मागच्या दोन वर्षांचे सगळे कर मतदानाच्या वर्षी १ फेब्रुवारीच्या आत भरलेले हवेत, आणि तसा पुरावा मतदानाच्या वेळी दाखवायचा. मतदान मात्र नोव्हेंबरात! शिवाय राज्यघटनेतलं कुठलंही कलम वाचता यायला हवं, नाहीतर ऐकून त्याचा अर्थ सांगायचा. कलम निवडणार अधिकारी, उत्तर पटलं की नाही हेही तोच ठरवणार. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयानं हे चालू दिलं, कारण मजकुरात वंश कुठेच नव्हता. त्याच वर्षी लुइझियानानं अडाणी गोऱ्यांची सोय केली: १ जानेवारी १८६७ ला ज्याला मत होतं, त्याच्या मुलानातवांना परीक्षा माफ. त्या तारखेला तिथे कृष्णवर्णीयांना मतच नव्हतं. पुढे लुइझियानातल्याच एका गोऱ्या अर्जदारानं ‘फ्रीडम ऑफ स्पीच’ (भाषणस्वातंत्र्य) हे तीन शब्द ओळखू येणार नाहीत इतके चुकीचे लिहिले, तरी तो पास झाला.

मग कोर्टात का गेले नाहीत? गेले की! ओक्लाहोमाचा असाच नातवंडांचा नियम १९१५ साली रद्द झाला. राज्यानं लगेच १९१६ मध्ये राहिलेल्यांना नोंदणीसाठी जेमतेम १२ दिवस दिले. ते रद्द व्हायला १९३९ उजाडलं. एकेका खटल्यासाठी नोंदणीची दप्तरं चाळायला कधीकधी ६,००० मनुष्यतास लागत. अलाबामा राज्यातल्या डॅलस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), जिथे मताधिकाराच्या मोर्चांसाठी गाजलेलं सेल्मा शहर आहे तिथे, केंद्र सरकार चार वर्षं खटले लढलं. मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय सुमारे १५,०००. नोंदलेले १५६ वरून ३८३ वर गेले.

१९६५ च्या कायद्याचा खरा जीव पाचव्या कलमात होता. १९६४ च्या नोव्हेंबरात जिथे असल्या परीक्षा चालू होत्या आणि नोंदणी किंवा मतदान निम्म्याहून कमी होतं, तिथे चौथ्या कलमानं परीक्षा बंद, आणि पाचव्यानं निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा तर आधी वॉशिंग्टनची मंजुरी. भेदभाव होणार नाही हे राज्यानं सिद्ध करायचं. पुराव्याचं ओझं प्रथमच दुसऱ्या खांद्यावर गेलं. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली.

२५ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी कुठली राज्यं धरायची ते सूत्र जुनं म्हणून रद्द केलं. पाचवं कलम पुस्तकात राहिलं, लागू कुणालाच नाही. त्याच दिवशी टेक्सासनं २०११ चा ओळखपत्राचा कायदा अमलात आणत असल्याचं जाहीर केलं. वर्षभरापूर्वी याच पाचव्या कलमाखाली तो अडला होता. त्यात पिस्तुलाचा परवाना ओळख म्हणून चालत होता, विद्यापीठाचं ओळखपत्र नाही.