आतून किती?

गेले तीन महिने माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खेळण्यातल्या बंदुकीचा एक फोमचा डार्ट असतो. निळा, नारिंगी टोपीचा, 72 मिलिमीटर लांब. ऑफिसात कोणी विचारलं की मी भाच्याचं नाव पुढे करतो. बंदूक खरंच त्याची. पण तिचे स्क्रू खोलून आत काय दडलंय ते बघायची खाज माझी, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आत निघाली पिचकारी. मागे स्प्रिंग, पुढे दट्ट्या, दट्ट्याला रबरी रिंग. आजोबांची रंगपंचमीची पितळी पिचकारी अजून माळ्यावर आहे. तिच्या चामड्याच्या वायसरला आदल्या रात्री तेल पाजावं लागे. इथे पाण्याच्या जागी हवा, एवढाच फरक. रिंग ठणठणीत होती. दम जात होता तो पुढच्या नळीत. कंपनीची नळी ऐसपैस, हवा डार्टाच्या बाजूने सटकायची आणि डार्ट हॉलच्या मध्यावर मान टाकायचा.

मग नळी बदलायची. डार्ट साधारण 13 मिलिमीटर जाड, म्हणजे अर्धा इंचच की, असं म्हणत मी रविवार कारंजाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि अर्धा इंची पीव्हीसी मागितला. डार्ट एका तोंडातून टाकला तो दुसऱ्यातून थेट माझ्या चपलेवर पडला.

"आतून किती आहे हा?" मी विचारलं.

"आतून कोण विचारतं, भाऊ?" दुकानदार म्हणाला. "पाणी जातं आतून."

बरोबरच होतं त्याचं. पाइपाचा धंदा बाहेरच्या मापावर चालतो. एल्बो, टी, कपलिंग सगळं बाहेरून बसतं, त्यामुळे ते माप पक्कं. भिंत किती जाड हे पाइपाला किती दाब सोसायचाय त्यावर ठरतं, आणि आत उरेल ते उरेल. गरम पाण्याचा क्रीम रंगाचा सीपीव्हीसी बाहेरून 15.9 मिलिमीटर. त्याच्या जाड भिंतीच्या पाइपात माझा डार्ट घुसमटला; पातळ भिंतीच्यात अगदी सुनेच्या हातात बांगडी जावी तसा गेला. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं.

दिंडोरीच्या मित्राने द्राक्षबागेतला ठिबकच्या 16 एमएम लॅटरलचा तुकडाही आणून दिला. आतून सैल. शिवाय ती नळी गुंडाळीतच वाढलेली, सरळ राहायचं तिला वावडं.

परीक्षा सोपी असते. डार्ट नळीत सरकवायचा आणि नळी उलटी धरायची. आपल्या वजनाने पडला तर सैल. मग मागून तोंडाने हलकी फुंकर मारायची. तेवढ्यावर निघाला नाही तर घट्ट. भर दुपारी गिऱ्हाइकांच्या गर्दीत पन्नाशीचा माणूस एकेक पाइप तोंडाला लावून फुंकतोय, हे दृश्य दुकानदाराने फार सोसलं.

पितळेचा मोह वेगळाच. नाशकात राहून पितळेसाठी तांबट आळीत जायचं नाही तर कुठे? तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी डार्ट हातात घेऊन दाबून पाहिला, नातवाला दाखवला आणि म्हणाले, "हांडा ठोकून होतो. नळी ठोकून नाही होत, ती खेचून काढतात." शेवटी पितळी नळी कुरियरने आली. बाहेरून 17/32 इंच, आतून 12.8 मिलिमीटरच्या आसपास. हे बत्तिसावे भाग कोणी शोधले त्याला माझा नमस्कार. पण काय गुळगुळीत! पाइप कटरने कापली की काठ आतल्या बाजूला वळतो, नखालाही लागणार नाही इतका, आणि तेवढी कडा डार्टाची साल काढते. रीमरने ती घासली, तोंड किंचित उमलतं केलं, तेव्हा कुठे डार्ट राजीखुशीने आत गेला.

लांबीत माझी अक्कल निघाली. मी हौसेने 30 सेंटीमीटर ठेवली होती. दट्ट्याची हवा वाटेतच संपायची, डार्ट पुढे जायला बघायचा आणि मागची पोकळी त्याला खेचून धरायची. रोज संध्याकाळी सेंटीमीटर सेंटीमीटर कापत 14 वर आलो, तेव्हा डार्ट गॅलरीच्या दारावर फाडकन वाजला. तेव्हापासून डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय कोणी चाप ओढायचा नाही, असा ताईने कायदा केला. (हवेऐवजी फिरत्या चाकांनी डार्ट फेकणाऱ्या बंदुकीत हे सगळं उलटं. तिथे घट्ट नळी म्हणजे निव्वळ ब्रेक.)

आणि एवढं जमल्यावर आठवड्याभरात पितळ सैल वाटायला लागलं. नळी तीच होती. वापरून, दाबून, सोफ्याखाली पडून डार्ट बारीक झाले होते. आता भाचा नवे डार्ट पितळेला आणि थकलेले जाड सीपीव्हीसीला लावतो. नव्यांची कोंडी करणारा तो पाइप जुन्यांना नेमका बसतो.

परवा बाथरूमचा नळ खरोखरच गळायला लागला. त्याच दुकानात जाऊन अर्धा इंची एल्बो मागितला. दुकानदाराने गल्ल्याखालून माप घ्यायचा व्हर्नियर काढला.

"आतून की बाहेरून?"