तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आपल्याकडे कधी?’

नुसत्या विचाराने कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या ‘मेंदूतल्या चिप’वर मी काम करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, अगदी लेडीज डब्यात चेंगरलेली असतानाही हाच प्रश्न येतो. मी कुणाची कवटी उघडत नाही हो. दुसऱ्यांनी नोंदवलेले मेंदूचे संकेत घेऊन कॉम्प्युटरपुढे बसते आणि त्या माणसाला हात कुठे न्यायचा होता, ते ओळखायला बघते. आज जमलेलं गणित उद्या चुकतं.

पूर्वी मी आकडा सांगायचे. दहा वर्षं.

शेवटचा सांगितला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, लालबागच्या एका चाळीत. एलॉन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत १०२४ इलेक्ट्रोडचं, म्हणजे संकेत टिपणाऱ्या बारीक टोकांचं, यंत्र बसवल्याची बातमी ताजी होती. ओळखीतल्या एका काकांनी कात्रण जपून ठेवलं होतं. त्यांचा मुलगा शीव-कुर्ल्याच्या मध्ये लोकलमधून पडला, मान मोडली. खांद्याखाली काही हलत नाही. तो म्हणाला, “ताई, फोन माझा मला उघडता येईल? सगळं बाबाच वाचून दाखवतात.”

सगळं म्हणजे काय, ते मला उशिरा कळलं. तेवीस वर्षांचा मुलगा आणि त्याचा प्रत्येक मेसेज आधी वडिलांच्या डोळ्यांखालून जाणार.

मी म्हटलं, दहा वर्षांत. काकांनी बोटं मोजली. “म्हणजे मी अडुसष्टचा.” चहात साखर जास्त होती, तरी मी पूर्ण प्यायले.

परतताना भायखळ्याला लक्षात आलं: फोन आवाजावर चालतो की! आजच! चिपवाल्या बाईला सेटिंग सुचलं नाही, दशक सुचलं. पुढच्या रविवारी जाऊन बसवून दिलं. त्याने दोनदा वापरून बघितलं, मग हळूच म्हणाला, “पण बोललो की सगळ्यांना ऐकू जातं ना.”

दहा बाय बाराची खोली. आई, बाबा, आजी.

तेव्हा ‘चिप हे श्रीमंतांचं खेळणं’ म्हणणाऱ्यांशी मी भांडते. न बोलता लिहिता येणं ही चैन नाही. २००४ साली अमेरिकेत मानेखाली लुळ्या पडलेल्या एका माणसाने नुसत्या विचाराने कर्सर हलवला होता, म्हणजे मी थापा मारत नव्हते. पण इलेक्ट्रोडभोवती व्रण धरतो, संकेत क्षीण होतात. न्यूरालिंकच्या त्या पहिल्या माणसाच्या मेंदूतले इलेक्ट्रोडचे बरेच धागे काही आठवड्यांतच निसटले, आणि कंपनीने गणित बदलून निभावलं. आणि अंधांसाठी यंत्रं बनवणारी सेकंड साइट? साडेतीनशेहून जास्त लोकांच्या डोळ्यांत यंत्रं बसवून कंपनीने ते कामच बंद केलं. पुढे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

धागे निसटल्याचं नंतर कळलं, पण बाकी सगळं मला त्या रविवारीही ठाऊक होतं. मुलासमोर बोलले नाही. भित्रेपणा म्हणा. मी कधी कधी दया म्हणते.

गेल्या दिवाळीत काका चकल्या घेऊन आले. दारातच म्हणाले, “आता आठच राहिली.” मी डबा घेतला.