कुरतडायचं खेळणं फाटल्यावर उरतं काय? बजी, कॉकटेल आणि लव्हबर्डसाठी खेळणी निवडताना

कुरतडायचं खेळणं हातात घेतलं की मी आधी ते पूर्ण फाटून गेलंय असं धरून चालते. कागद, पानं, मऊ लाकूड संपलं की मागे काय लोंबत राहणार? दोरी, तार, कडी, हुक. ज्या भागाची चिंधी व्हायलाच हवी तो भाग सहसा निरुपद्रवी असतो. गंभीर इजा होते ती मागे उरलेल्या सांगाड्याने. म्हणून माझी तपासणी सांगाड्यापासून सुरू होते. रंग आणि आकार त्यानंतर.

हे सगळं पिंजऱ्यात पाळायच्या छोट्या पोपटांसाठी, म्हणजे बजी (साधारण ३० ते ४० ग्रॅम), कॉकटेल (८० ते १०० ग्रॅम) आणि आफ्रिकन लव्हबर्ड (४५ ते ६० ग्रॅम) यांच्यासाठी आहे. आपला हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो यात येत नाही. बऱ्याच दुकानांत बजीलाच लव्हबर्ड म्हणतात. तेव्हा खेळणं मागताना पक्षी दाखवा किंवा वजन सांगा, नाहीतर बजीच्या चोचीला दाद न देणारा लाकडी ठोकळा हातात पडतो.

पहिली वस्तू म्हणजे अडकवायची कडी. ती स्टेनलेस स्टीलची आणि आट्याच्या नटाने पूर्ण बंद होणारी हवी. स्वस्त कड्या आणि तारा लोखंडावर जस्ताचा थर दिलेल्या असतात. पक्षी तो थर चोचीने खरवडतो, जस्त पोटात जातं आणि विषबाधा होते. मी छोटं चुंबक जवळ ठेवते. ते घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे असं समजून ती कडी बाद. पण चिकटलं नाही म्हणजे कडी सुरक्षित असंही नाही, कारण शिसं, जस्त आणि पितळ यांनाही चुंबक चिकटत नाही. शंका असेल तर दुकानातली कडी काढून टाका आणि हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेसची आणून लावा. कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तसा स्प्रिंगचा हुक नको, त्यात चोच अडकते. किल्ल्यांची दुहेरी रिंगही नको, तिच्या फटीत नखं शिरतात. घुंगराच्या चिरेत पक्ष्याचं बोट जातं आणि बाहेर येत नाही, म्हणून घुंगरू असेल तर कापून टाकायचं.

दोरीबाबत मी सगळ्यात कडक आहे. नायलॉन आणि मासेमारीची तंगूस अजिबात नाही, कारण ती तुटत नाही. पाय अडकला की पक्षी ओढत राहतो, फास आवळतो आणि रक्तपुरवठा थांबतो. सुती दोरी मऊ दिसते, पण तिचे तंतू गिळले गेले की गळ्याजवळच्या अन्नपिशवीत गोळा होतो. काथ्याचे लांब सुटे धागेही तसेच धोक्याचे. गोणपाटाच्या तागाला कारखान्यात तेल लावलेलं असतं, म्हणून जुनं पोतं उसवून सुतळी काढू नये. फुलवाले हार बांधायला वापरतात ते केळीचं सोपट मला सगळ्यात पसंत आहे. धुऊन, वाळवून, बोटाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या करून घ्यायच्या. वजन पेलतं आणि पक्षी अडकलाच तर झटक्यात तुटतं. फासासारखी वेटोळी कुठेच ठेवू नका. लोंबणारी टोकं ४-५ सेंटिमीटरच्या आत कापा. रिंग असेल तर तीत डोकं शिरणारच नाही इतकी लहान, किंवा अख्खा पक्षी सहज आरपार जाईल इतकी मोठी हवी. मधल्या मापाची रिंग घातक.

आता फाटायचा भाग. बजीला बाल्सा (अगदी हलकं, मऊ लाकूड) किंवा शोला यांचे २-३ मिलिमीटरचे तुकडे आणि साधा कागद पुरतो. बंगालमध्ये नवरदेवाचा टोपोर ज्या पांढऱ्या हलक्या गाभ्याचा करतात, तोच हा शोला. मात्र सजावटीचा रंगवलेला किंवा चमकी लावलेला घेऊ नका, कोराच मागा. कॉकटेलला ३ ते ५ मिलिमीटर जाडी जमते. लव्हबर्ड अंगाने लहान, पण चोच जबर. त्याला सेंटिमीटरभर जाडीचं मऊ लाकूडही चालतं. घरच्या वस्तूंत पळसाच्या पानांची पत्रावळ उत्तम, फक्त खालून प्लॅस्टिकचा किंवा चंदेरी कागदाचा थर लावलेली नको. सुपारीच्या विरीची ताटली जाड असते, ती भिजवून चिरफाळ्या करून द्यायची. मक्याच्या कणसाची बाहेरची दोन-तीन सालं टाकून आतली वापरावीत, फवारणी बाहेरच्या सालांवर बसते.

कागदात दुकानाची गुळगुळीत पावती, चकचकीत मासिकं आणि वर्ख नको. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आणि स्टेपलच्या पिना काढून टाकायच्या. अंड्यांचे ट्रे मी देत नाही, त्यांना विष्ठा लागलेली असते आणि साल्मोनेला या जंतूची भीती राहते. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये डिंक असतो, तेही बाद. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन वापरायचं असेल तर त्यावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरातही आणू नका.

फांद्या हव्या असतील तर पेरू, कडुनिंब, तुती, बांबू. कण्हेर, बिट्टी, रुई, एरंड, धोतरा आणि घाणेरी यांची काडीसुद्धा नको. फांदी घासून धुवायची, उकळतं पाणी ओतायचं आणि कडक उन्हात खडखडीत वाळवायची. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ऊन मिळत नाही आणि पानांवर बुरशी धरते. पक्ष्यांच्या फुप्फुसांना ती फार वाईट. त्या दिवसांत मी फक्त कागद आणि कोरडं लाकूड देते आणि दमट वास आला की फेकते.

नवं खेळणं थेट पिंजऱ्यात टांगलं की बरेच पक्षी कोपऱ्यात जाऊन बसतात. आधी काही दिवस पिंजऱ्याबाहेर, नजरेत राहील असं ठेवायचं. मग आत, पण झोपायच्या दांडीपासून लांब. कडा आधीच थोड्या फाडून ठेवल्या आणि आत राळ्याची लोंबी खोचली, की चोच लवकर लागते.

पहिले काही दिवस रोज तळाचा ट्रे बघा. चिंध्या खाली पडलेल्या असतील तर पक्षी फाडतोय. खेळणं कमी होतंय, पण ट्रेमध्ये भुगा नाही, म्हणजे तो गिळतोय. तो प्रकार लगेच बंद करा. अन्नपिशवी फुगून कडक लागणं, उलटी, पातळ हिरवी विष्ठा, एकाएकी खूप पाणी पिणं, तोल जाणं, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय न करता पक्ष्यांचे आजार बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि खेळण्याचा उरलेला तुकडा सोबत न्या. धातूचा संशय सांगितला तर ते एक्स-रे आणि रक्त तपासायचं ठरवू शकतात.

लव्हबर्डच्या मादीबाबत एक गोष्ट वेगळी आहे. ती कागदाच्या लांब पट्ट्या कापून पाठीच्या मागच्या पिसांत खोचू लागली, तर तो खेळ नाही, घरट्याची तयारी आहे. तशात भरपूर कागद मिळत राहिला तर ती नराशिवायही अंडी घालते, शरीरातलं कॅल्शियम संपत जातं आणि अंडं अडकण्याचा धोका वाढतो. पट्ट्या दिसताच कागद आणि पानं काढून जाड लाकडाचे तुकडे द्या. पिंजऱ्यात झोपडी, कापडी तंबू, खोका असं काही असेल तर तेही काढा आणि रात्रीचा अंधार रोज बारा तासांचा करा. पट्ट्या खोचणं थांबून पुरेसे दिवस गेले की कागद परत सुरू करायचा, तोही लहान चौकोनी तुकड्यांत.